पिंप भंगारात, इंजिन कपाटात

वहिनी, अहो वहिनी! कढीपत्ता तोडताय होय? तोडा की. आमच्या बाजूला आलेली फांदीही घ्या ओढून, आम्ही नव्हतो तर पार भिंतीच्या वर गेलाय. हो, गुरुवारी पहाटे पोचलो. झोप अजून तिकडचीच आहे. दुपारी डोळे मिटतात आणि रात्री दोनला टक्क जाग.

मुलगा, सून, नात, सगळी मजेत. ते सावकाश सांगेन. आधी ह्यांचं ऐका. लोक अमेरिकेतून बदाम आणतात, चॉकलेटं आणतात, अगदीच काही नाही तर व्हिटॅमिनच्या गोळ्या. ह्यांच्या बॅगेतून काय निघालं सांगू? फडक्यात गुंडाळलेला एक जुना स्पार्क प्लग आणि एक पितळी पाटी. मुंबईला कस्टमवाला तो प्लग उलटासुलटा करून बघतोय आणि हे त्याला बजावताहेत, "सांभाळून, चिनीमाती आहे ती!" मी आपली दुसऱ्या पट्ट्याकडे तोंड करून उभी राहिले.

"कशाला आणलंत?" असं ह्यांना चुकूनही विचारू नका, तासभर सोडणार नाहीत. मीच सांगते. मला आता पाठ झालंय.

मुलाचं घर आयोवात, दि मॉइन शहराच्या कडेला. घराघरांमध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण. पलीकडे एक दाढीवाला म्हातारा आणि त्याची बायको. बायको फार गोड हो, पण तिचं एक दुखणं होतं. घराला दोन गाड्यांचं गॅरेज आणि तिची गाडी मात्र बाराही महिने उघड्यावर. आयोवाचा हिवाळा म्हणजे बर्फ खरवडल्याशिवाय काच दिसायची नाही. का? तर गॅरेजात इंजिनं! भिंतीला फळ्या, फळ्यांवर इंजिनं. जमिनीवर इंजिनं. जुन्या फ्रीजच्या डोक्यावर आणखी एक. मोठाली नव्हेत, दोन हातांनी उचलून कडेवर घेता येतील एवढी. पेट्रोलवरची, एका नाहीतर दोन सिलिंडरांची, बहुतेक 1920 ते 1950च्या दरम्यानची.

हे पहिले काही दिवस नुसते मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचे. तुम्हाला ठाऊकच आहे, ह्यांचा जन्म किर्लोस्करवाडीला पॅटर्न शॉपमध्ये गेला. निवृत्त झाल्यावर ओतकामाबद्दल कोण विचारतंय माणसाला? मुलगा कॉम्प्युटरमध्ये, सून औषधाच्या कंपनीत. अशात एका सकाळी पलीकडून फट्‌ फट्‌ फट्‌ असा आवाज आला. हे उठले, "टू-स्ट्रोक आहे" म्हणाले आणि अनवाणी चालायला लागले ते थेट कुंपणापाशी. ह्यांचं इंग्रजी ड्रॉइंग वाचण्यापुरतं आणि त्याचं बोलणं आयोवाचं, पण ब्रिग्ज कंपनीच्या इंजिनाला कॉन्टॅक्ट पॉइंटमधली फट वीस थाऊ ठेवायची, ह्यावर दोघांचं एकमत झालं आणि मग काय, संध्याकाळी जेवायला हाका मारमारून माझा घसा बसला.

नाही हो, तसली मोठी ट्रॅक्टरची इंजिनं नाहीत. तीच तर गंमत. ही इंजिनं कशाची माहीत आहे? कपडे धुण्याच्या मशीनची!

हसू नका. खरं सांगते. दि मॉइनहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर न्यूटन म्हणून गाव आहे. तिथं फ्रेडरिक मेटॅग नावाच्या माणसानं 1893 साली भागीत कंपनी काढली. बनवायचे काय, तर मळणीयंत्रात पेंढ्या सरकवायचं साधन. पण मळणीचा हंगाम संपला की कारखाना रिकामा. मग त्या रिकाम्या महिन्यांत काहीतरी करायचं म्हणून 1907 साली कपडे धुण्याचं मशीन काढलं, हातानं फिरवायचं. पुढे मळणी राहिली बाजूला आणि मशीनवरच कंपनी मोठी झाली. आता गावात विजेवरची मशीनं निघाली, पण खेड्यात वीज कुठं होती? आपल्याला वाटतं अमेरिकेत सगळं पहिल्यापासून लखलखीत. 1935 साली रूझवेल्टच्या सरकारनं खेड्यापाड्यांत वीज न्यायची योजना काढली, तेव्हा दहा शेतघरांतल्या जेमतेम एकात वीज होती. म्हणून मेटॅगनं मशीनच्या पोटाखाली पेट्रोलचं छोटं इंजिन बसवलं. 1914-15च्या सुमारास सुरुवात झाली ती पुढे पस्तीसेक वर्षं चालली.

बाईनं करायचं काय? मशीनखाली एक पेडल, त्याला लाथ मारायची. इंजिन फटफटायला लागलं की धुरासाठी एक लवचीक लोखंडी नळी, ती खिडकीतून नाहीतर दारातून बाहेर काढायची. नळी नीट बाहेर गेली नाही तर तो विषारी धूर घरातच. वर घुसळणारं पिंप, त्याच्या बाजूला कपडे पिळायचे दोन रबरी रूळ, त्यात बोटं सापडली की संपलं. तरीही बायांनी ते डोक्यावर घेतलं म्हणे. का नाही घेणार? आमच्या सासूबाई चार माणसांची धुणी डोक्यावर घेऊन कृष्णेच्या घाटावर जायच्या. त्यांना कोणी असं फटफटणारं मशीन दिलं असतं तर त्यांनी नळीची पूजा केली असती.

तर ही ती इंजिनं. दाढीवाल्याकडे सगळ्यात जास्त मेटॅगचीच. उभ्या सिलिंडरचं 82 नंबरचं, आडव्या एका सिलिंडरचं 92 नंबरचं आणि 1937ला आलेलं दोन सिलिंडरांचं 72 नंबरचं. आकडे असे मागेपुढे कसे, हे मला विचारू नका. त्या 72चं एक मला आवडलं. दोन सिलिंडर समोरासमोर आणि दोघांत ठिणगी एकदमच पडते. मी म्हटलं, आळीपाळीनं का नाही? तर हे आतून...

बघा, व्हरांड्यातून ओरडलेच. काय म्हणताहेत? "क्रँककेस एकच आहे म्हणून सांग!" सांगते हो, सांगते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलची वाफ आधी खालच्या क्रँककेसमध्ये दाबली जाते. दोन्ही दट्टे एकदम आत आले तरच ती दाबली जाणार. एक आत, एक बाहेर गेला तर दाब येणार कुठून? म्हणून दोघं एकदम आत, एकदम बाहेर, आणि एकाच कॉइलमधून दोन वायरी. मला कळलं म्हणजे तुम्हालाही कळेल.

आता माझी खरी तक्रार ऐका. खेड्यात वीज आली आणि ही इंजिनं मशीनखालून सुटली. पोरांनी पळवली. लाकडी फळीला चार चाकं लावायची, मागे मेटॅगचं इंजिन, की झाली गाडी. मेटॅगनं तर 1930च्या दशकात पोरांसाठी स्वतःच छोटी रेसची गाडी काढली होती, त्याच इंजिनाची. ती आज मिळाली तर जमवणारे लोक जमीन विकतील. आणि मशीनचं काय झालं? पिंप भंगारात. दाढीवाल्याच्या बायकोनं मला एकदा हळूच दाखवलं, तिच्या आजीच्या मशीनचं अॅल्युमिनियमचं पिंप मागच्या दारी होतं, त्यात जिरेनियम लावलेली. म्हणाली, ह्याच्याकडे एवढी इंजिनं आहेत, पण एकही मशीन पूर्ण नाही. बाईचा जन्म गेला ते पिंप कुंडी झालं आणि बाप्यांना जे आवडलं ते कपाटात. मी ह्यांना बोलून दाखवलं तर म्हणतात, पिंपात नंबर नसतो. ऐका आता!

नंबर म्हणजे ह्यांचं दैवत. जमवणाऱ्यांची खरी मजा इंजिन चालवण्यात नाहीच. ती आहे ओळखण्यात. हे कुठलं? कधीचं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ह्यात इतरांपेक्षा वेगळं काय? सरसकट सापडणारं 92 नंबरचं इंजिन कोणीही घेईल. पण ज्याची टाकी वेगळी, कार्बोरेटर वेगळा, झाकणाची घडण वेगळी, असं दिसलं की ह्या लोकांच्या डोळ्यांत चमक येते.

मेटॅग आपल्याच मशीनसाठी इंजिन बनवायची, म्हणून तिथं फरक मोजके. खरा गुंता ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचा. मिलवॉकीची कंपनी, 1908 सालची. सुरुवात मोटारगाड्यांच्या विजेच्या सुट्या भागांनी झाली. 1919च्या सुमारास त्यांनी एका दुसऱ्या कंपनीकडून सायकलला लावायचं इंजिनवालं चाक विकत घेतलं आणि त्यातून फ्लायर नावाची गाडी काढली. गाडी म्हणजे काय, लाकडी पट्ट्या, दोन खुर्च्या, चार चाकं आणि मागे इंजिनाचं पाचवं चाक. 125 डॉलरची, जगातली सगळ्यात स्वस्त गाडी म्हणून गिनीजच्या पुस्तकात गेली. चालली नाही फार. पण त्या चाकातून छोटी इंजिनं बनवायचा नाद लागला तो कायमचा. पुढे 1953 साली अॅल्युमिनियमचं हलकं इंजिन काढलं आणि अमेरिकेतल्या घराघरांत गवत कापायच्या मशीनवर ब्रिग्ज जाऊन बसलं. अॅल्युमिनियमवाल्यांकडे आमचा दाढीवाला ढुंकूनही बघायचा नाही. त्याला बिडाचीच हवीत. ह्या बाबतीत दोघांचं सोयरिकीइतकं जुळलं.

तर ब्रिग्ज इंजिन बनवायची ती दुसऱ्यांसाठी. गवत कापणाऱ्याला एक, पंपवाल्याला एक, धुण्याच्या मशीनवाल्याला लाथ मारून सुरू होणारं एक. कुणाला शाफ्ट लांब हवा, कुणाला आखूड, कुणाला उलट्या बाजूला चावीची खाच, कुणाला आपल्या मशीनचाच रंग. म्हणून पाटीवर मॉडेल नंबरच्या शेजारी टाइप नंबर असतो. त्या टाइप नंबरात कुठले भाग बसवले, कुठला रंग मारला, किती वेगावर बांधलं, कोणत्या गिऱ्हाइकासाठी केलं, सगळं दडलेलं. इंजिनाचा सातबाराच तो! मॉडेल सांगतं जमीन किती, टाइप सांगतो ती कुणाच्या नावावर. नवशिके मॉडेल बघतात आणि खूश होतात, आमचा दाढीवाला चष्मा कपाळावर सरकवून आधी टाइप वाचायचा.

पूर्वीच्या मॉडेलांना नुसती अक्षरं होती. एफ-एच, वाय, डब्ल्यू-एम. डब्ल्यू-एम धुण्याच्या मशीनसाठीचं. नंतर आकडे आले. आकडा म्हणजे सिलिंडरची घनइंचातली जागा, म्हणजे 5एस म्हटलं की पाच घनइंच. एस कशाचा? टाकी खाली आणि कार्बोरेटर पेट्रोल वर शोषून घेतो, त्याचा. मागे आर6 लागलं असेल तर सहास एक असा वेग कमी करणारा गिअर जोडलेला. मग आणखी नंतरच्या इंजिनांना तारीखच ठोकलेली. 75061203 असं दिसलं तर 1975, सहावा महिना, बारा तारीख आणि शेवटचे दोन आकडे कुठल्या कारखान्यात जुळवलं त्याचे. माझ्या नातीनं हे एका दुपारीत शिकून घेतलं आणि अख्ख्या गल्लीतल्या गवत कापायच्या मशीनांच्या वाढदिवसांची यादी केली.

सगळ्यात लबाड कोण सांगू? सिअर्स नावाचं मोठं दुकान होतं. त्यांच्या इंजिनाच्या पाटीवर नाव सिअर्सचं, बनवणाऱ्याचं नावच नाही. पण नंबराच्या आधी तीन आकडे आणि टिंब. 143 असेल तर ते विस्कॉन्सिनच्या लॉसनचं, जी कंपनी पुढे 1956 साली टेकम्सेनं घेतली. म्हणजे पाटी म्हणते सिअर्स, तीन आकडे म्हणतात टेकम्से.

ह्यांचा मान तिकडे कसा वाढला ते ऐका. दाढीवाल्याकडे दोन इंजिनं होती, नंबर एकाच सुमाराचे, पण एकाच्या क्रँककेसला एक उंचवटा जास्त. बिडात ओतलेला, पण भोक पाडलेलं नाही, कशाला वापरलेलाही नाही. दाढीवाल्याची खात्री, की हा कुठला तरी दुर्मीळ प्रकार असणार. ह्यांनी दोन्ही इंजिनं उन्हात नेली, बोटं फिरवली, ओतकामाची शिवण बघितली आणि सांगितलं, "दोन मॉडेलांना एकच पॅटर्न वापरलाय. ह्या इंजिनाला तो भाग लागतच नव्हता, म्हणून भोक पाडलं नाही. दुसरं आधीच्या पॅटर्नचं." कॅटलॉगात हे कुठं लिहिलेलं असणार? कॅटलॉग छापतात ऑफिसातली माणसं. कारखान्यात जुने भाग संपेपर्यंत वापरतात, फाउंड्रीवाले पॅटर्न झिजेपर्यंत ओततात, पुरवठादार बदलला की बोल्ट बदलतो, आणि वर्षाच्या मधोमध काहीतरी सुधारून टाकतात. दुर्मीळ इंजिन कोणी दुर्मीळ म्हणून बनवत नाही. कारखान्यातल्या अडचणीतून ते होऊन बसतं. हे मी नाही, हेच म्हणाले, पण मला पटलं. दाढीवाल्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि तेव्हापासून ह्यांना "प्रोफेसर" म्हणायला लागला. आता घरात मी काही बोलले की मला ऐकवतात, प्रोफेसरशी बोलतेयस.

मग ती पाटी? हां, ती पाटी! तीच सांगायची राहिली.

जुन्या पाट्यांच्या हुबेहूब नकला नव्यानं बनवून मिळतात. ज्यांच्या इंजिनाची पाटी गळून पडली त्यांनी लावावी म्हणून. त्यात वाईट काही नाही. पण लबाड माणूस काय करतो, साध्या इंजिनाला दुर्मीळ मॉडेलची पाटी ठोकतो आणि चौपट पैसे मागतो. दाढीवाल्यानं ह्यांना तशी एक नकली पाटी भेट दिली, ओळखायचं कसं ते शिकवून. कारखान्यानं पाटी ठोकून बसवलेली असते, त्या बारीक खिळ्यांच्या डोक्यांवर जुना रंग साचलेला असतो. तिथं नवा चकचकीत स्क्रू दिसला की हात मागे घ्यायचा. आणखी एक. काही इंजिनांचा ब्लॉक मोडला की कंपनीकडून नुसता नवा ब्लॉक यायचा आणि मेकॅनिक जुनं वरचं सामान त्यावर चढवायचा. मग वरचं एका सालचं, खालचं दुसऱ्या. ही फसवणूक नव्हे, ते त्या इंजिनाचं आयुष्यच. पण ओळखणाऱ्याची झोप उडते.

आणि रंग! रंगावरून तर भांडणं होतात. कोणी इंजिन आणलं की वायरब्रश मारून टाकतो, वरून चकाकता लाल नाहीतर हिरवा. दाढीवाला म्हणायचा, गेलं, आता ते कुठल्या गिऱ्हाइकासाठी बनवलं होतं ते कायमचं गेलं. कारण मूळ रंग टाइप नंबराशी ताडून बघता येतो, नवा रंग कशाशी ताडणार? तो काय करायचा, झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथं ऊन लागलेलं नाही, तिथं पातळ तेलाचं फडकं फिरवून मूळ रंग शोधायचा. मेटॅगच्या जुन्या राखाडी-हिरव्या रंगाचा एक बोटभर तुकडा सापडला तर दिवसभर खूश.

कार्बोरेटरची तऱ्हा वेगळी. काही जुने कार्बोरेटर पितळेचे, काही जस्ताच्या मिश्रधातूचे. त्या जस्तात थोडं शिसं राहून गेलं असेल तर वर्षानुवर्षं ते आतून फुगतं, तडे जातात आणि शेवटी हातात भुगा येतो. त्याला इलाज नाही. म्हणून जस्ताचा, पण शाबूत राहिलेला कार्बोरेटर कधीकधी पितळेच्यापेक्षा महाग. उलटं जग आहे हो ह्यांचं.

अडकलेला दट्टा सोडवायचं त्याचं औषध ऐकून तर मी थक्क झाले. मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन, निम्मं निम्मं, प्लगच्या भोकातून ओतायचं आणि ठेवून द्यायचं. अॅसिटोन म्हणजे आपलं नेलपॉलिश काढायचं पाणी! सुनेची बाटली एका आठवड्यात रिकामी. सून बिचारी काही बोलली नाही, पण दुसरी बाटली तिनं कपाटाला कुलूप लावून ठेवली. तुम्ही मात्र घरात हे करू नका, त्याची वाफ लगेच पेट घेते. अंगणातच करायचं.

पैसे? इंजिनांना पैसे पडतात, पण साध्या 92ला फार नव्हे. अशी इंजिनं इतकी बनली की अजून कोठारांतून निघताहेत. पैसे पडतात ते वेगळेपणाला. म्हणून तिथं खरा कलाकार तो, ज्याला ओळखता येतं पण चेहऱ्यावर दिसू देत नाही. आम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीला माउंट प्लेझंटला गेलो होतो. 1950पासून दरवर्षी तिथं जुन्या मळणीयंत्रांचं मोठं संमेलन भरतं. वाफेची इंजिनं, ट्रॅक्टर, लहानशी आगगाडी, काय नाही. आणि एका बाजूला छोट्या इंजिनांच्या रांगा. प्रत्येकाशेजारी एक माणूस घडीची खुर्ची टाकून बसलेला. इंजिन काय करतंय? बादलीतलं पाणी उचलून त्याच बादलीत ओततंय! दिवसभर! आमच्या तासगावात अशा माणसाला लोकांनी ताबडतोब मळ्यात पाणी पाजायला पाठवलं असतं. एकजण मात्र शहाणा, त्याचं इंजिन आइस्क्रीम घुसळत होतं. तिथं मी दोनदा गेले.

तर तिथं एका टेबलाखाली, पेंढ्यात, काळंकुट्ट एक इंजिन पडलेलं. दाढीवाला त्याच्यासमोरून गेला, थांबला नाही. पुढे जाऊन मक्याचं कणीस घेतलं. खाल्लं. परत आला, दुसऱ्याच एका इंजिनाचा भाव विचारला, नाक मुरडलं, आणि जाता जाता "ते खालचं किती?" म्हणाला. विकणाऱ्यानं किरकोळ भाव सांगितला, ह्यानं आणखी थोडे कमी केले. गाडीत बसेपर्यंत तोंडातून शब्द नाही. गाडीचं दार लागलं आणि तो लहान पोरागत ओरडला. पाटीवर आर6 होतं, गिअर शाबूत होता आणि पाटीचे खिळे मूळचे होते. मला मात्र तो प्रकार फारसा आवडला नाही. विकणाऱ्या आजोबांना सांगून दोन पैसे जास्त दिले असते तर काय बिघडलं असतं? हे म्हणतात, तो खेळच आहे, उद्या ते आजोबाही असंच करतील. असेल. मी माझं मत सांगितलं.

मला खरं पाहायचं होतं ते न्यूटनला मिळालं. तिथलं जिल्ह्याचं वस्तुसंग्रहालय आहे, त्यात मेटॅगची मशीनं ओळीनं लावलेली, पिंपासकट, रुळांसकट, पेडलासकट. कंपनी आता न्यूटनची राहिली नाही. 2006 साली व्हर्लपूलनं घेतली आणि 2007 साली न्यूटनचा कारखाना बंद झाला. जाहिरातीतला तो मेटॅगचा रिकामटेकडा मेकॅनिक, ज्याला मशीन बिघडतच नाही म्हणून काम नसतं, तो 1967पासून सगळ्या अमेरिकेला पाठ. गावात अजून मेटॅगच्या नावाचं निळं चीज मिळतं, 1941पासूनचं, मेटॅगच्या नातवांनी काढलेलं. मी खाल्लं. बुरशीचं असतं. पुन्हा खाणार नाही.

तर त्या मशीनसमोर मी उभी राहिले आणि पेडल बघितलं. पाय उचलून, स्कर्ट सावरून, ओल्या फरशीवर लाथ मारायची, एकदा, दोनदा, थंडीत दहादा. कुठल्याही यादीत इंजिनाचा नंबर सापडतो, टाइप सापडतो, तारीख सापडते. ते कुणाच्या घरी होतं, बाई सोमवारी किती जणांची धुणी धुवायची, ते कुठंच नाही. मी दाढीवाल्याच्या बायकोला म्हटलं, तुझ्या आजीचं नाव, गाव, मशीन कधी घेतलं, कधी वीज आली, सगळं त्याच्या वहीत लिहून ठेव, तुझ्या हातानं. तिनं लिहिलं. दाढीवाल्यानं आधी नाक मुरडलं, मग तो कागद इंजिनाच्या टाकीखाली प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. ह्यांना विचारा, खोटं सांगत नाही.

काय म्हणालात? तुमच्या भावाकडे? तासगावच्या मळ्यात, खोपीत पडलेलं? पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं, पंपाचं? अहो मग हे आधी का नाही सांगितलं! हळू बोला, व्हरांड्यात कान टवकारलेत. दिवाळीआधी खोपी साफ करून भंगारवाल्याला द्यायचंय म्हणताय?

नको, वहिनी. आज रात्रीच फोन लावा भावाला. भंगारवाल्याला सांगावं, पुन्हा ये. इंजिनाला वायरब्रश लावायचा नाही, रंग मारायचा नाही, दट्टा अडकला असेल तर हातोड्यानं ठोकायचा नाही, आणि पाटीला तर हातही लावायचा नाही. पाटीचा फोटो काढा म्हणावं, आकडे वाचता येतील असा, उन्हात, तिरपा धरून. आणि तुमच्या आई आहेत ना अजून मळ्यात, त्यांना विचारा, ते कोणत्या साली आणलं, पहिल्यांदा कोणी चालवलं आणि दोरी कोण ओढायचं. एका कागदावर लिहून घ्या आणि फोटोसोबत ह्यांच्याकडे पाठवा.